कारण पुरेसं नाही

कन्नमवार नगर, विक्रोळी
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

गार्गी,

प्रिय-बिय लिहिणार नाही. आपलं भांडण चालू आहे आणि मला ढोंग जमत नाही, हे तुला आमच्या प्रिन्सिपॉलइतकंच चांगलं ठाऊक आहे.

कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. ईमेल केले होते. पण मी स्वतःच्या हाताने उभा केलेला मेल सर्व्हर तुझ्या कंपनीला लॉटरी लागल्याच्या थापा मारणारा कुणीतरी वाटतो, त्यामुळे ते कचऱ्यात गेले असणार. आणि तुम्ही सगळे ज्या हिरव्या ॲपवर सकाळी उठून एकमेकांना गुलाब पाठवता ते मी वापरत नाही. ज्याचा कोड मला वाचता येत नाही त्याच्या हातात मी माझं बोलणं देत नाही. पोस्टमनचा कोड तरी कुठे वाचता येतो, असं तू म्हणशील. म्हण. पोस्टमन निदान पाकीट फोडत नाही.

मुद्द्यावर येतो. तू माझी 'कवडी' उचललीस.

तोंड पाडून का बसलायस म्हणून काल बाबांनी विचारलं, तर त्यांना समजावून सांगितलं. "आमच्या रविवारच्या खेळासाठी मी एक सॉफ्टवेअर लिहिलं, बाबा. फुकट दिलं. आतला कोडही उघडा ठेवला, कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे वाटावा. गार्गीनं तो अख्खाच्या अख्खा घेतला आणि शेजारी आपलं दुसरं दुकान मांडलं. ह्याला फोर्क म्हणतात."

"मगे परवानगी कोणी दिल्यान?"

"मीच."

आमचे तीर्थरूप गुणाजीराव खोकला येईपर्यंत हसले. "मगे रडतस कित्याक?"

मी रडत नाहीये. मला तुझी कीव येते आहे. तू बदल पाठवलास, मी तो मंजूर करावा म्हणून. आपला नियम काय आहे? मुलुंडच्या तुझ्या गॅलरीत बसून दोघांनीच केलेला: प्रत्येक बदलासोबत त्याचं कारण साध्या मराठीत लिहून यायला हवं. तू काय लिहिलंस? 'कधीकधी येता येत नाही.' एवढंच. शाळेत रजेच्या अर्जावर सुद्धा पोरं ह्याहून जास्त लिहितात.

आणि बदल तरी कसला! ज्याला यायला जमत नाही त्याने आपलं पात्र त्या दिवसापुरतं दुसऱ्याच्या हवाली करावं. म्हणजे आपल्या टेबलाचा पायाच उखडायचा. ज्याचं पात्र त्याच्याच हाती, तो आला नाही की पात्र झोपतं, ही रीत आपण कॉलेजात होतो तेव्हापासून पाळतोय. 'कवडी'त मी ती कोडमध्येच बसवली, कारण माणसांवर माझा विश्वास नाही. म्हणून मी सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं: 'येता येत नाही असं काही नसतं. यायचं नसतं. कारण पुरेसं नाही. नामंजूर.' ह्यात राग येण्यासारखं काय होतं? मी सगळ्यांशी असंच बोलतो.

आई शेजारणीला आपला खेळ कसा समजावते माहितीय? "हे घोडे दर रविवारी सोसायटीच्या ऑफिसात बसतात आणि आपण होडीत आहोत असं समजतात. आमचा प्रीतम गोष्ट सांगतो नि बाकीचे फासे टाकतात." आता तिला तेवढंही सांगता येत नाही. गोष्ट कुठे आहे? गणपतीच्या आधीपासून नाव कासवखडकापाशी उभी. तुझी शेवंती तांडेल सुकाणूवर हात ठेवून झोपलेली, आणि सौरभ नि ऋतिका, दोघं भाऊबहीण, चिवडा खात एकमेकांची तोंडं बघतायत.

तू मुलुंड सोडून चारकोपला राहायला गेलीस. चारकोप! जिथे पत्ता म्हणजे गणिताचं उत्तर असतं, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. अंधेरीचं ऑफिस जवळ पडतं म्हणून माणूस इतका घसरतो.

येत्या रविवारी ये. फोर्क पुसून टाक. मी काही बोलणार नाही. बोललो तरी थोडंच.

प्रीतम


विक्रोळी
१७ नोव्हेंबर

गार्गी,

आली नाहीस. उत्तरही नाही. छान.

तुझ्या फोर्कचं नाव कळलं. 'चिंचोका'. कुठल्या झाडाखाली सापडलं हे? माझ्या सॉफ्टवेअरला कवडी म्हणतात, कवडीला इतिहास आहे. चिंचोका पोरं थुंकतात.

कोड वाचला. वाचला म्हणजे एक नजर टाकली. चांगला नाही. चालतो, पण चालणं आणि चांगलं असणं ह्यातला फरक तुला मी सांगून दमलो आणि आमच्या प्रोफेसरांनाही सांगून दमलो. प्रयोगशाळेत महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरलेल्या प्रती चालवायच्या आणि आम्हाला नीतिमत्तेचा पेपर द्यायचा. मी त्या प्रतीवर काम करणार नाही म्हटलं, तर म्हणाले मग सबमिशन नाही. मी म्हटलं मग कॉलेजच नाही. तू जिन्यात धावत आलीस, म्हणालीस, "आधी परीक्षा दे रे, मग काय भांडायचं ते भांड!" तुझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात आहे. आधी परीक्षा दे. तू दिलीस, आणि आता अंधेरीच्या काचेच्या डब्यात बसून दुसऱ्याचा बंद कोड लिहितेस. मी घाटकोपरच्या दुकानात लोकांचे मेलेले कॉम्प्युटर जिवंत करतो. माझी झोप चांगली आहे.

'चिंचोका'च्या पानावर रोज कुणीतरी 'देवव्रत' नावाचा मनुष्य कौतुक करतो, तेही पाहिलं. 'अतिशय सुंदर सोय! आमच्या टेबलावर फार उपयोग होतो.' आमच्या टेबलावर! म्हणजे आता टेबल पण आहे. मला डोळ्यांसमोर दिसतोय तो. कोरलेली दाढी, परदेशातून मागवलेल्या रंगवलेल्या बाहुल्या, आणि फासे ठेवायला मखमलीची पिशवी. खेळाच्या नियमांचं पुस्तक त्याने विकत घेतलं असेल, उघडलं नसेल. शुभेच्छा.

इथली बातमी अशी की बंड झालं. गेल्या रविवारी ऋतिका मला म्हणाली, "दादा, मी धरू का सुकाणू? फक्त खडकाच्या पलीकडे नेऊन सोडते. गार्गीताई आली की तिचं तिला."

"रीत काय आहे?"

"रीत आहे ना, पण मी दिवाळीच्या आधीपासून त्याच एका कोळणीशी बोलतेय, जिला तू काही बोलूच देत नाहीस."

"ती मुकी आहे."

"आधी नव्हती!"

सौरभ हसला. त्या माणसाला हसायला बँकेत वेळ मिळत नाही म्हणून तो ते रविवारी उरकतो. जाताना जिन्यात मला म्हणाला, "प्रीत्या, नाव तू रीतीसाठी थांबवलेली नाहीयेस यार. सरळ सांगून टाक ना तिला."

"काय सांगू?"

"आता ते पण मीच सांगू?"

बिनडोक माणूस. तो ज्या अर्थाने बोलला तो अर्थ मी इथे लिहिणार नाही, कारण तो चुकीचा आहे. नाव थांबली आहे कारण तांडेल नाही. बस.

तुझी खुर्ची अजून भिंतीकडेच आहे. सेक्रेटरी तिच्यावर फायली ठेवतो, मी दर रविवारी उचलतो.

प्रीतम


विक्रोळी
१५ डिसेंबर

गार्गी,

काल मी तुझ्या घरी येऊन गेलो, हे तुला काकूंनी सांगितलंच असेल. त्यांनी कसं सांगितलं असेल ते मला माहीत नाही, म्हणून मी माझ्या तोंडाने सांगतो.

भांडायला आलो होतो. येताना पूर्ण रस्ता मनात वाक्यं पाठ केली होती, त्यातली दोन फारच चांगली होती. देवव्रतसाठी एक वेगळं काढून ठेवलं होतं. तुमचा प्लॉट नंबर सापडेपर्यंत मी तीन वेळा त्याच गणपतीच्या देवळापाशी आलो, त्यामुळे राग थंड व्हायचा प्रश्नच नव्हता.

दार उघडंच होतं. तळमजला. तू घरात नव्हतीस. हॉलमध्ये चटई, चटईवर जयंतीकाकू, एक अनोळखी म्हातारे गृहस्थ, आणि खुर्चीत तुझे बाबा, विद्याधरकाका. काकांचा उजवा हात मांडीवर उशीसारखा ठेवलेला. मी ओळखलं नाही त्यांना पटकन. मुलुंडला चार मजले चढून भाजीच्या पिशव्या आणणारा माणूस.

"अरे प्रीतम! ये ये. चप्पल काढ आणि बस, आमचा वैद्य अडकलाय," काकू म्हणाल्या. जसं काही मी रोज येतो.

मला वाटलं डॉक्टर लिफ्टमध्ये अडकलाय. मग बघितलं तर मध्ये टॅब ठेवलेला, त्यावर तुझं ते 'चिंचोका'. वैद्य हे काकांचं पात्र. तो वैद्य दरीत अडकला होता आणि काकांना त्या दिवशी बोलायला जमत नव्हतं. शब्द येत होते, पण पुढचा आधी आणि मागचा नंतर असे. त्यांनी डाव्या हाताने टॅबवर एक बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'वैद्य आजपुरता जयंतीच्या हवाली.' खाली कारणाची जागा. काकांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं. 'जीभ'. एवढंच. आणि तुझा प्रोग्राम 'मंजूर' म्हणाला.

मग त्यांनी फासा म्हणून काय टाकलं? चिंचोके! खरे, फोडलेले, अर्धे काळे अर्धे पांढरे. काकांच्या बोटांना कंगोऱ्यांचा फासा धरवत नाही म्हणे, चार चिंचोके मुठीतून नुसते सांडायचे असतात. मला राहवलं नाही. "काकू, हे चुकीचं आहे. चार चिंचोक्यांत प्रत्येक दानाची शक्यता सारखी येत नाही. सगळे नियम कोसळतात."

"हो का?" काकू म्हणाल्या. "असं चालत नाही?"

"नाही चालत."

"अगंबाई. आम्ही दिवाळीपासून चालवतोय. पोहे खाशील ना?"

काका हसले. अर्धा चेहरा हसला, पण हसले ते माझ्यावरच, त्यात काही शंका नाही. आणि ते म्हातारे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही म्हणजे ते 'नामंजूर' वाले का? मी देवव्रत. इथे वरच राहतो. शाळेत भूगोल शिकवायचो. मी चोर आहे."

चोर हे त्यांचं पात्र. गार्गी, तुझा देवव्रत कानात मशीन घालतो आणि पोह्यांत लिंबू पिळून मागतो. मी त्याच्यासाठी काढून ठेवलेलं वाक्य पोह्यांबरोबर गिळलं.

खेळ मात्र भिकार चालला होता. काकू वैद्याला काकांसारखं बोलायलाच लावत नव्हत्या, त्या त्याला स्वतःसारखंच बोलायला लावत होत्या. वैद्य दरीत पडून चोराला म्हणतो, "स्वेटर घातलास का?" काका खुर्चीत बसून मान हलवत होते, नाही नाही, असा नाही माझा वैद्य. आणि पुढच्या दानाची वाट बघत होते. मी सहा वर्षं गोष्ट सांगतोय, माझ्या टेबलावर कुणी इतकं पुढे वाकून बसलेलं मला आठवत नाही.

परत आल्यावर सौरभला धरलं. "काकांना झटका आला होता?"

"ऑगस्टमध्ये. तुला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार?"

"ग्रुपवर होतं रे. तिने टाकलं होतं. लिफ्ट नाही म्हणून तळमजला शोधतेय, ते पण होतं. चारकोपचा ब्लॉक ऋतिकानेच सुचवला."

"मी ग्रुपवर नाही."

"हो. तत्त्व आहे ना तुझं," तो म्हणाला. ह्या वेळी हसला नाही.

मला म्हणायचंय ते हे, की मला कुणी सांगितलं नाही. तोंडाने सांगायला काय झालं होतं? बरं, तू सांगितलं होतंस. 'कधीकधी येता येत नाही.' हे सांगणं झालं? ह्यावरून माणसाने काय ओळखायचं? नीट चार ओळी लिहायला तुला काय धाड भरली होती?

काकांना म्हणावं, वैद्याला दोरी टाकायची अक्कल चोराला अजून सुचलेली नाही. दोरी काकूंच्या सामानात आहे. मी बघितली.

प्रीतम


विक्रोळी
१२ जानेवारी २०२५

गार्गी,

तुझा बदल मी 'कवडी'त घेतला.

लगेच हवेत जाऊ नकोस. तुझ्या कोडमध्ये जे दोष होते ते मी काढले. पात्र हवाली केलं आणि मधेच वीज गेली, तर ते दोघांचंही राहत नव्हतं, लोंबकळत राहायचं. हे तुझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुझ्या 'चिंचोका'साठीही ती दुरुस्ती पाठवली. पाठवताना कारण लिहिलं, 'दोष होता म्हणून.' दोन दिवसांनी तुझं उत्तर आलं, पानावर, सगळ्यांना दिसेल असं. 'कारण पुरेसं नाही. नामंजूर.'

ऋतिकाला हे इतकं आवडलं की तिने ते आमच्या ऑफिसातल्या फळ्यावर लिहून ठेवलं. सेक्रेटरीला वाटलं ते पाण्याच्या टाकीबद्दल आहे.

मग मी परत पाठवलं. नवीन कारण तू वाचलंसच, पण जगाला उघडं असलेलं सगळंच लोक वाचत नाहीत म्हणून इथेही लिहितो: 'वैद्य मधेच लोंबकळू नये. त्याची वाट बघणारा माणूस खुर्चीत बसलेला असतो.' तू ते मंजूर केलंस. एक शब्द न लिहिता. आभार वगैरे मानायची पद्धत चारकोपला पोचलेली नसावी.

आता ऐक. पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळी. मी ऑफिस झाडून घेतलंय. कॅरम बाहेर काढलाय. तुझ्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता तो ठोकून घेतला, सेक्रेटरीच्या फायलींसाठी नव्हे. आई चिवड्यात तुझ्यासाठी मनुका न घालता वेगळा डबा काढणार आहे. मी सांगितलं नाही तिला, तिनेच विचारलं, "ती मुलुंडची येणारेय का?" आता चारकोपची म्हण, असं मी सांगितलं.

काकांचं कुणीतरी बघेल तेवढे दोन तास. देवव्रत सर आहेत. नाव खडकापाशी आहे. सुकाणू तुझंच आहे. हवाली करायची सोय आता 'कवडी'त आहे, पण ती अडलेल्यांसाठी आहे. तू अडलेली नाहीस. तुला यायचं की नाही एवढाच प्रश्न आहे.

खडकाच्या पलीकडचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. ते तू आल्यावर.

प्रीतम


विक्रोळी
१९ जानेवारी

गार्गी,

आजचा वृत्तांत. तुला उत्सुकता नसेल, तरी लिहितो. इतर कुणाला लिहू?

सौरभ वेळेवर आला, हे एक आश्चर्य. ऋतिका आली. मी मशीन सुरू केलं, 'कवडी' उघडली. सुरू होताना ती सगळ्या पात्रांची हजेरी घेते, तुला माहीतच आहे. शेवंतीच्या नावापुढे गेले कितीतरी महिने 'झोपली आहे' येत होतं. आज आलं, 'शेवंती तांडेल ऋतिकाच्या हवाली.' आजपुरती असं नव्हतं. दिवसाच्या जागी तू काही भरलंच नव्हतंस. ती जागा मोकळी सोडता येते हे मला माहीत होतं, कारण ती सोय मी स्वतः ठेवली. तुझ्या कोडमध्ये ती नव्हती. मला वाटलं होतं, काका वगैरेंना लागेल.

खाली कारण. 'नाव पुढे जाऊ दे.'

ऋतिकाने ते मोठ्याने वाचलं आणि मग वाचलं नसतं तर बरं, अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. सौरभ चिवड्यातले शेंगदाणे शोधायला लागला. दोन्ही डबे उघडे होते.

"दादा, नको धरायला तर नाही धरत," ऋतिका म्हणाली.

"मंजूर आहे ते," मी म्हटलं. "प्रोग्राम म्हणतोय ना. धर."

ती तुझ्या खुर्चीत बसली. बाकी खुर्च्या असताना. तिने शेवंतीला तुझ्यासारखं अजिबात केलं नाही. तुझी शेवंती कमी बोलायची आणि पाण्याकडे बघायची. हिची तोंडाळ आहे, तिने आल्या आल्या सौरभच्या व्यापाऱ्याला शिवी घातली आणि वल्ही मारायला बसवलं. मी मनात म्हणत होतो, नाही नाही, अशी नाही शेवंती. पण नाव हलली, गार्गी. ऋतिकाने दान टाकलं आणि इतके महिने ज्या खडकाला मी ती नुसती चिकटवून ठेवली होती, तो मागे गेला.

"आलो पलीकडे!" ती ओरडली. "काय आहे इथे? सांग ना, काय दिसतंय?"

मी वही उघडली. तिथे काही नव्हतं. मी पलीकडचं काही लिहिलंच नव्हतं. खडक लिहिला होता, त्याच्यावरचं शेवाळ लिहिलं होतं, तू आल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलायचं ते तर चार प्रकारे लिहून ठेवलं होतं. पुढे गाव आहे की समुद्र, हे मला आजतागायत ठरवावंसंच वाटलं नव्हतं.

दोघं माझ्याकडे बघत होते. ऋतिका पुढे वाकून.

"धुकं," मी म्हटलं.

"किती?"

"हाताला हात दिसत नाही एवढं."

"मस्त," सौरभ म्हणाला. "टाकू फासा?"

"टाक."

दिवे लावायची वेळ होईपर्यंत खेळलो. बाहेर सेक्रेटरी किल्ली वाजवत उभा होता. धुक्यात त्यांना एक घंटा ऐकू आली, ती कुणाची आहे हे मी पुढच्या रविवारपर्यंत ठरवीन. तुला सांगणार नाही. तुझा काय संबंध?

मनुका नसलेला डबा सौरभने घरी नेला. आईने विचारलं, संपला का, मी म्हटलं, संपला.

आता कागद पुरे झाले. यापुढे पत्र येणार नाही. 'कवडी'त काही दोष सापडला तर पानावर कळव, बदल पाठव. मी बघेन. फक्त कारण लिही.

एका ओळीचं चालेल.

प्रीतम